मेण, जवस आणि माझे साडू

पावसाला माझ्या साडूंइतका भिणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि सरकारनं नेमकं त्यांनाच तलावावर नोकरीला ठेवलं होतं. ते पाटकरी होते. तलावाचं तोंड उघडायचं, पाटानं पाणी सोडायचं, कुणाच्या बांधीत किती वेळ जातं ते पाहायचं, आणि पावसाळ्यात दिवसातून दोनदा पाळीवरून चालत जाऊन ती कुठं पाझरत तर नाही ना, हे बघायचं, असं त्यांचं काम. आमच्याकडे धानाच्या लहान लहान तुकड्यांना बांधी म्हणतात आणि तलावाच्या मातीच्या बांधाला पाळ. म्हणजे जन्मभर पाण्याच्या कडेकडेनं चालणारा हा माणूस. पण आभाळातून एक थेंब अंगावर पडला की असा दचकायचा, की बघणाऱ्याला वाटावं, छपरातून पाल पडली. गंमत अशी की तलावात ते खुशाल पोहत. मी एकदा त्यांना तसं म्हणून दाखवलं, तर म्हणाले, "तळ्याचं पानी आपन आंगावर घेतो, साडभाऊ. पावसाचं पानी आंगावर येते. फरक हाय."

मी आंधळगावला मास्तर होतो. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. थोरलीला सगळे मोठीबाई म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो. माझं लग्न एकोणीसशे सत्तरच्या सुमारास झालं, वैशाखात, डोकं फुटेल अशा उन्हात. नव्या जावयाला लोक पगार विचारतात, शेती किती ते विचारतात. हे गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या लग्नाच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि हळूच विचारलं, "पावसाळ्यात काय घालता?" मी म्हणालो, छत्री आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरात विहीर नसलेल्या माणसाकडे पाहतात. "छत्री डोस्क्यासाठी असते," ते म्हणाले. "बाकीच्या मानसाचं काय?"

त्यांचं गाव एकोडीच्या पुढं, साकोलीपासून तीन कोसांवर. आम्ही दर पोळ्याला तिकडे जात असू आणि उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस राहत असू. या आठ दिवसांत साडूंचा कारखाना ऐन भरात असे. होळी झाली की ते गेल्या पावसाळ्यातले कोट, घोंगड्या, पिशव्या, टोप्या असं सगळं पेटीतून काढून ओसरीवर मांडत आणि वैद्यानं नाडी बघावी तसे एकेक शिवण दाबून बघत. मेण कुठं भेगाळलं, कोपरावरचं तेल कुठं उडालं, घडी पडून कापड कुठं उघडं पडलं. मग रिठ्याच्या पाण्यात सगळं धुवायचं, दोन दिवस वाळवायचं आणि नवा लेप द्यायचा. लेपाच्या तीन तऱ्हा होत्या. जाड किंतानी कापडाला जवसाचं तेल, तेही घाणीवरून स्वतः आणलेलं आणि राळ टाकून कढवलेलं, पातळ पातळ चार हात. मध्यम कापडाला जंगलातून मोहोळ काढून आणणाऱ्यांकडचं मेण, टर्पेंटाईनमध्ये विरघळवून दाढीच्या जुन्या ब्रशानं लावायचं आणि कोळशाच्या इस्त्रीनं आत मुरवायचं. बायाबापड्यांच्या पातळ कपड्यांना आधी साबणाचं पाणी, मग तुरटीचं. यातलं काहीही चुकलेलं त्यांना चालत नसे, आणि काही ना काही दरवर्षी चुकत असे.

वास कसा असे, ते सांगून समजणार नाही. शिळं वरण, रंगाचं दुकान आणि देवळातला गाभारा एकत्र केला तर जवळपास जाता येईल. पोस्टमन त्या दिवसांत पत्र फाटकाच्या बाहेरूनच वाचून दाखवी. अंगणातल्या दोरीवर सात-आठ कोट हात पसरून लटकलेले असत, वाऱ्यानं हलत. एकदा एक परगावचा बैल-व्यापारी दारात आला, बराच वेळ उभा राहिला आणि "घरात लय पावने दिसून राहिले, मंग येतो," म्हणून निघून गेला. मोठीबाई स्वयंपाक मागच्या अंगणात करी. आठ दिवस आम्ही जे जेवत असू त्याला जवसाची चव असे, मग ती भाजी असो की आंब्याचा रस.

लेप सुकला की परीक्षा. कोट उलटा करून चार खुंट्यांना झोळीसारखा बांधायचा, त्यात घागरभर पाणी ओतायचं आणि खाली वर्तमानपत्र अंथरून त्याच्याकडे बघत बसायचं. दुपारभर ते असे बसत. कागदावर एक ठिपका उमटला की त्यांचा चेहरा उतरे. पुढं त्यांनी नीळ वापरायचं ठरवलं. कोटाच्या आतून, खांद्यावर आणि पाठीवर, कपड्याला देतो ती नीळ कोरडीच भुरभुरवायची, कोट कुणाला तरी घालायचा आणि वरून पाणी ओतायचं. आत ओल गेली तर निळा डाग पडणार. कल्पना उत्तम होती. तो कुणीतरी मी होतो. डाग पडला आणि माझ्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्याचा पाठीमागचा भाग कायमचा आकाशासारखा झाला. साडूंनी मात्र माझ्या पाठीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली आणि म्हणाले, "डाव्या खांद्याची शिवण हाय. सापडली." त्यांना इतकं बरं वाटलेलं मी क्वचित पाहिलं.

माझ्यासाठीही त्यांनी एक कोट केला. किंतान, जवस, चार हात. तो अंगातून काढला की पडत नसे, उभा राहत असे. शाळेत मी तो कोपऱ्यात ठेवला, तर आमच्या मुख्याध्यापकांनी दारातून आत येताना त्याला नमस्कार केला आणि कोटानं उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर माझ्याशी अबोला धरला. तो घालून सायकल चालवणं म्हणजे कणगीत बसून सायकल चालवणं. पण खरं सांगतो, आत थेंब येत नसे.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसत असू. पण त्यांच्यासोबत चार दिवस राहिलं की हसू ओसरत जाई आणि त्यांची धास्ती आपल्याला लागे. पावसाळ्यात त्यांचं लक्ष कधी समोरच्या माणसाकडे पुरतं नसेच. बोलता बोलता मान छपराच्या कडेबाहेर जाई. जेवताना घास हातात धरून ते ऐकत, वारा कुठून आहे. बाहेरून आलेल्या कुणालाही पहिला प्रश्न, "कुठं भिजले?" आणि उत्तराची वाट न पाहता त्याचा खांदा, मग मान, मग कानामागची जागा चाचपून पाहणं. कुणी शिंकलं की हातातलं काम खाली. गावात कोतवालापासून पोलीस पाटलापर्यंत ज्यांना पावसात फिरावं लागे, त्या सगळ्यांना त्यांनी कोट करून दिले होते, कुणी मागितले नसताना. मी आंधळगावला परत आलो की पुढचे आठ-दहा दिवस मलाही उगीच आभाळाकडे बघायची सवय लागलेली असे. पोरं पाढे म्हणत असायची आणि मी खिडकीशी.

एका उन्हाळ्यात या धास्तीनं घर जाळायचंच बाकी ठेवलं. वैशाखात दुपारी अवकाळी ढग आला, दोनदा गडगडला. साडू पाळीवरून पळत आले. दोरीवरचे अर्धवट सुकलेले कोट, तेल पुसलेल्या चिंध्या, सगळं गोळा करून त्यांनी लाकडी पेटीत कोंबलं आणि वर झाकण लावलं. पाऊस चार थेंब पडून गेला. पेटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठीबाई आत गेली, तर पेटीच्या फटीतून धूर. कुणी काडी लावलेली नाही, जवळ चूल नाही, दिवा नाही. झाकण उघडलं तसा जाळ वर आला. साडूंनी आणि मी पेटी ओढत अंगणात नेली आणि पाणी ओतलं. दोन कोट, एक वाकळ आणि मोठीबाईची दोन लुगडी कोळसा झाली होती.

गावात लोक करणी म्हणाले. साडू दोन दिवस जळकी पेटी उलटसुलट करून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेलाच्या चिंध्यांचा एक लहान ढीग अंगणाच्या मधोमध दगडावर ठेवला, पाण्याची बादली शेजारी घेतली आणि तासातासाला ढिगात हात घालून पाहू लागले. उन्हं कलायला आली तेव्हा त्यांनी मला बोलावून माझा हात आत घातला. ढीग चांगलाच गरम होता. "तेल आंगातल्या आंगात तापते, साडभाऊ," ते म्हणाले. "मोकळं टांगलं तं काई नाई. दाबून ठेवलं का पेटते. मानसासारखंच." तेव्हापासून प्रत्येक चिंधी वेगळी, कुंपणावर.

त्या दिवशी मोठीबाई मागच्या अंगणात जळक्या लुगड्याचा चांगला राहिलेला काठ उसवत बसली होती. मी म्हणालो, "तुम्ही हे कसं सोसता? पाण्यापासून वाचवता वाचवता ते घर जाळतील एक दिवस."

ती काठ उसवतच राहिली. मग म्हणाली, "तुमाले कोनी सांगतलं नाई वाट्टे. बेबी चार सालाची होती तवाची गोठ हाय."

बेबी ही त्यांची एकुलती एक लेक. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची, बारीक, आणि ढग आला की छातीत शीळ वाजणारी. चार वर्षांची असताना श्रावणात तिनं सांडवा बघायचा हट्ट धरला. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या दगडी वाटेनं पडतं, तो सांडवा. साडूंनी तिला खांद्यावर घेतलं. वाटेत पाळीला एक पाझर दिसला. ते माणसं बोलावण्यात, माती टाकण्यात गुंतले. पोर झाडाखाली बसली होती, झड लागली होती आणि दोन-अडीच तास तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाळ वाचली. पोरीला न्यूमोनिया झाला. साकोलीच्या डॉक्टरनंही हात टेकले होते. पोर जगली, पण छाती तेव्हापासून कच्ची.

"त्यायनं त्या दिवसाची गोठ मायापाशीबी कधी काढली नाई," मोठीबाई म्हणाली. "पोरगी घरी आली, अन् हे बाजारात जाऊन मेन घेऊन आले. तवापासून लावूनच राहिले. मी कायले बोलू?"

त्यानंतर मला त्या कोटांना हसणं जमलं नाही. हसलो, पण तसं नाही.

बेबीचं लग्न झालं, गोंदियाकडे. नवरा शिक्षक, माणूस चांगला. साडूंनी लग्नात लेकीला भांड्यांबरोबर एक मेणाचा कोटही दिला आणि व्याह्यांना तो कसा वाळवायचा, कुठं टांगायचा, हे इतक्या वेळ सांगितलं की त्या बिचाऱ्यांना वाटलं, हाच मुख्य आहेर आहे. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. श्रावणात मला जोडून सुटी मिळाली म्हणून मी आणि बायको तिला भेटायला गेलो, आणि आम्ही पोचलो त्या रात्रीपासून झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे धो धो पाऊस नव्हे. तो थांबतच नाही, इतकंच. धानाच्या लावणीचे रोवणे अडले, चुली धुरकटल्या आणि साडू ओसरीच्या खांबाला धरून उभे. दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. "तवापर्यंत उघडते," असं ते सारखं म्हणत होते, कुणी विचारलं नसताना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेबीच्या पोटात दुखायला लागलं. सुईण आली, तिनं हात लावून पाहिलं आणि मोठीबाईला बाहेर बोलावलं. मूल पायाळू होतं. "माह्या हातचं काम नाई," ती म्हणाली. "साकोलीले न्या. आता न्या."

साकोलीच्या सडकेवरच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, कमरेइतकं पाणी चाललं होतं. एसटी कालच बंद झाली होती. उरली वाट पाळीची. पाळीवरून तलावाच्या पलीकडे गेलं आणि सांडवा ओलांडला, की रपट्याच्या पुढं सडकेला लागता येत होतं. पण पाळीवरून बंडी न्यायची नाही, चाकांनी माती सैल होते, हा साडूंचा स्वतःचा कायदा होता आणि त्यासाठी त्यांनी अर्ध्या गावाशी भांडण केलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याकडे चांगली बैलजोडी होती. साडू त्याच्या दारात गेले. म्हातारा म्हणाला, "पाळीवरून? मांगच्या साली तुमीच मले तेथून परत धाडलं."

"मीच धाडलं," साडू म्हणाले. "आता मीच मनतो. चाला."

बंडीवर बांबूच्या कमानी बांधून तट्टा टाकला, पण तट्ट्यातून पाणी ठिबकत होतं. साडूंनी घरातले सगळे कोट काढले. ते पाच भरले. पुरणार नव्हते. मग ते गावात फिरले, घरोघर, मी त्यांच्यामागे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांनी ज्यांना कोट करून दिले होते त्यांच्याकडे. लोकांनी लगेच दिले, कुणी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. पण ते कोट कुठून कुठून निघाले. एक गोवऱ्यांच्या ढिगावरून, एक कोंबड्यांच्या खुराड्यावरून, एक कणगीच्या तोंडावरून, आणि कोतवालाचा तर खुंटीवरून, घडीसुद्धा न मोडलेला. वासामुळं कुणी अंगात घातलाच नव्हता. साडूंनी तो कोतवालाचा कोट उलटसुलट करून पाहिला. कोतवाल मान खाली घालून उभा. साडू एवढंच म्हणाले, "घातलाच नाई का जी," आणि तो खांद्यावर टाकून पुढच्या घरी गेले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. पण न घातल्यामुळंच ते कोट शाबूत होते, हेही खरं.

घरावर कवेलू घालतात तसे त्यांनी ते कमानींवर घातले. खालची ओळ आधी, वरची तिच्यावर चढवून, शिवणी वाऱ्याच्या उलट बाजूला. बाह्या एकमेकींना बांधल्या. सुतळीची गाठ एकही चुकली नाही. पायांकडची बाजू उघडी राहत होती. मी माझा कोट काढला.

"तुमी घाला," ते म्हणाले. "तुमचा घसा कच्चा हाय."

मी तो तसाच त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो पायांकडे बांधला. बेबी आणि मोठीबाई आत बसल्या. माझी बायको घर सांभाळायला राहिली. आम्ही निघालो तेव्हा साडूंच्या अंगावर धोतर-सदरा सोडून काही नव्हतं. त्यांचे केस पावसानं भिजलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पाळीवरची ती वाट मला आजही पायाखाली आठवते. डाव्या हाताला तलाव, काठोकाठ, लाटा मातीला चाटत होत्या. उजव्या हाताला पुरुष-दोन पुरुष खोल बांध्या. मध्ये बंडीची चाकं जेमतेम मावतील एवढी जागा, आणि ती चाकं चार-चार बोटं खाली रुतत होती. साडू काठीनं माती टोचत पुढं चालत होते. काठी जास्त आत गेली की हात वर करत, म्हातारा बैल थांबवी, मग दोन पावलं उजवीकडे किंवा डावीकडे. मी मागून चाकाला हात लावून. दर पंचवीस-तीस पावलांवर साडू मागं न बघता विचारत, "बेबी, गळते का?"

आतून आवाज येई, "नाई, बाबा."

मग पुन्हा काठी, पुन्हा चाकं, पुन्हा तोच प्रश्न. कळ येत असली तरी ती तेवढं एक उत्तर देत होती. मला वाटतं, तिलाही माहीत होतं की त्या उत्तरावर बंडी चालली आहे.

पाळीच्या मध्यावर त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. काही नाही. साडू थांबले. मागं आले, कोटांच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. पडदा उचलला तर पाऊस आत जाणार, आणि न उचलावा तर आत काय झालं हे कळणार नाही. त्यांचा हात सुतळीच्या गाठीवर होता आणि तो ना गाठ सोडत होता, ना खाली येत होता. मी तोवर कितीतरी देवांची नावं घेतली होती, त्यातली काही मला त्या क्षणी नव्यानं सुचली.

आतून मोठीबाई म्हणाली, "कळ आली हाय तिले. बोलता येऊन नाई राहिलं. गळत नाई कुठंच. चाला तुमी."

सांडव्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं, पांढरं, वेगाचं. बैल अडले. म्हाताऱ्यानं चुचकारलं, शेपटी पिळली. एक पाऊल घेईनात. साडूंनी काठी माझ्याकडे दिली, पाण्यात उतरले, दोन्ही बैलांच्या वेसणी दोन हातांत धरल्या आणि पाठमोरे मागं मागं चालू लागले, बैलांच्या तोंडाशी काहीतरी पुटपुटत. मध्यावर डावं चाक दगडावरून घसरलं आणि बंडी कलली. मी आणि म्हातारा खांदा लावून उभे राहिलो. पाणी माझ्या मांड्यांना धक्के देत होतं. मला पोहता येत नाही, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायची ती वेळ नव्हती. साडू ओढत राहिले. चाक वर आलं.

साकोलीला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. बेबीला आत नेलं. मी बाकावर बसलो, साडू उभेच. तासाभरानं नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, पायांकडून, पण सुखरूप, आणि बेबीही बरी होती. साडूंनी विचारलं, "तिची छाती?"

"छाती एकदम ठीक हाय. पांघरूनसुद्धा कोरडं होतं, बाबाजी," नर्स म्हणाली. मग खाली फरशीकडे बघून म्हणाली, "पन तुमी जरा तिकडे उभे राहा. सारं पानी पानी करून राहिले."

साडूंनी खाली पाहिलं. त्यांच्या पायांभोवती थारोळं साचलं होतं. सदऱ्याची बाही त्यांनी दोन बोटांत धरली, पिळली, त्यातून पाणी निघालं. माझ्याकडे वळून खरोखरच्या आश्चर्यानं त्यांनी विचारलं, "साडभाऊ, मी भिजलो का?"

मी हो म्हणालो.

त्यांना ताप आला, हे सांगायला नकोच. पाच दिवस अंथरुणात होते आणि भेटायला येईल त्याला मोठ्या समाधानानं सांगत होते, "मी मनतच होतो ना." उठले ते टोपलं घेऊन पाळीवर गेले आणि बंडीच्या चाकोऱ्या एकट्यानं मुरूम टाकून, धुम्मसानं ठोकून बुजवल्या. कुणी मदतीला गेलं तर म्हणत, "बंडी मी नेली." कोट ज्याचे त्याला परत गेले. त्या वर्षीचा उरलेला पावसाळा अख्खं गाव ते कोट घालून हिंडलं. कोतवालसुद्धा. बाहेरचा माणूस गावात शिरला की त्याला वाटे, इथं घरोघर जवसाची घाणी आहे.

हे एक-दोन वर्षं टिकलं. मग साकोलीच्या बाजारात प्लास्टिकचे कोट आले. हलके, रंगीबेरंगी, वास नाही, घडी करून खिशात मावणारे. फाटला तर फेकायचा. लोकांनी ते घेतले आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही घेतला. साडू सेवानिवृत्त झाले. होळीनंतर मी गेलो तर ओसरी स्वच्छ होती आणि जेवणाला जेवणाची चव होती. मी दोन घास जास्त खाल्ले आणि मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. "आता लेप द्याले कोनी कोट आनत नाई," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. दाढीचा ब्रश मात्र त्यांनी धुऊन देवळीत ठेवला होता.

त्यांची माझी शेवटची भेट साकोलीच्या एसटी स्टँडवर झाली. भुरभुर पाऊस होता. ते गोंदियाहून, लेकीकडून परतत होते. एका हातात छत्री, पण ती डोक्यावर नीट नव्हती, एका बाजूला कललेली, आणि त्यांचा उजवा खांदा ओला होत होता. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं काहीतरी होतं आणि छत्री त्याच्यावर होती. मी विचारलं, काय आहे. त्यांनी पिशवीचं तोंड थोडं उघडून दाखवलं. निळ्या रंगाचा नवा रेनकोट.

"बेबीनं घेतला," ते म्हणाले. "नात मने, आबा, हा घाला. तिनंच रंग निवडला."

"मग घाला ना. पाऊस पडतोय."

त्यांनी पिशवीचं तोंड पुन्हा गुंडाळलं, काखेत घट्ट धरलं.

"नवा हाय, साडभाऊ," ते म्हणाले. "भिजल ना."

त्यांची गाडी लागली. मी त्यांची छत्री मिटून वर दिली. खिडकीजवळ जागा मिळाली तशी त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, काच लावून घेतली, फट थोडी उरलीच, तर तिथं पंजा लावून धरला. गाडी हलली. मला ते काचेआडून काहीतरी विचारत होते, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी आपला मानेनंच नाही म्हटलं, कुठंच भिजलो नाही म्हणून, आणि गाडी एकोडीच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तिथंच पावसात उभा राहिलो.